आप्पांनी दिलेली निळी चटई

जिममध्ये आपण बेंचवरून उठून मागे वळलो, की आप्पा उभे असायचे. पांढरा पायजमा, सदरा, डोक्यावर टोपी, पायात मुलाने घेऊन दिलेले खेळाचे बूट आणि हातात चौकोनी घडी केलेलं फडकं. बोलायचे काही नाहीत, फडकं फक्त पुढे करायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा पुसायलाच आलाय, आणि तो कानात गाणी घालून पाण्याच्या कूलरकडे निघून जायचा. आप्पा त्याच्या मागोमाग कूलरपर्यंत जायचे, त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबायचे आणि परत फडकं पुढे करायचे. शेवटी बेंचवर उमटलेली स्वतःच्या पाठीची ओल त्याने स्वतः पुसली, की आप्पा त्याच जागेवरून दुसऱ्या फडक्याने पुन्हा एकदा हात फिरवायचे.

"अहो, मी पुसलं की आत्ता," असं मी एकदा जरा चिडूनच म्हणालो होतो.

"तुमी तुमचं पुसलं, मास्तर. मी पुढल्या मानसासाठी पुसायलो," आप्पा म्हणाले आणि पुसत राहिले.

आप्पा जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही थोडं लिहावं लागणार आहे, आणि ते फारसं शोभेचं नाही. पण त्याला इलाज नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. पन्नाशी ओलांडली तशी खडू धरून उभं राहणंही गुडघ्यांना जड जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, मांड्यांत ताकद आणा, नाहीतर जिन्याला रामराम ठोका. म्हणून गारखेड्याच्या बाजूला, घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या जिममध्ये नाव घातलं. पहिल्याच दिवशी व्यायामाच्या सायकलपाशी हे टोपीवाले गृहस्थ फडकं घेऊन उभे दिसले. मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "मामा, जरा हँडल पुसून द्या." त्यांनी मुकाट्याने हँडल पुसून दिलं आणि फडकं माझ्यापुढे धरलं. "आता उतरल्यावर शीट तुमी पुसा." गल्ल्यावर बसलेला जिमचा मालक संदीप तोंड फिरवून उगाचच कॉम्प्युटरमध्ये बघायला लागला. का ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. आप्पा हे संदीपचे वडील होते. देवगाव रंगारीला त्यांची ऊस-कपाशीची चांगली बागायत होती, घराण्याला गावात मान होता, आणि बायको गेल्यावर एकटे राहू नयेत म्हणून मुलाने त्यांना इथे आणलं होतं. जिम पहिल्या मजल्यावर, घर दुसऱ्यावर.

मी माफी मागायला गेलो. "मला खरंच माहीत नव्हतं, आप्पा."

"काय नव्हतं माहीत? मी फडकं धरलं व्हतं, तुमी पुसाया सांगितलं. बराबर हाय की."

संदीपने त्यांना खरं तर खुर्चीवर बसायला आणलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करा, पेपर वाचा. आप्पा दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून एका बेंचवर टेकले तर सदरा मागून भिजला. त्यांनी उठून बोट लावून पाहिलं, दुसऱ्याचा घाम. मग सगळ्या यंत्रांवरून हात फिरवत गेले आणि वर जाऊन जुन्या धोतरांची फडकी फाडून घेऊन आले. "औताहून आलेल्या बैलाची पाठ पुसल्याबिगर बापानं कदी भाकरीला हात लावू दिला नाय," ते सांगायचे. "आन इथं मानसं कामावरनं उटत्यात आन तसंच सोडून जात्यात. दुसरा तिथंच निजतो." जिममधल्या लोखंडाला ते जनावरासारखं वागवायचे. ट्रेडमिलचा कठडा पुसताना त्यांचा हात इतका सावकाश चालायचा, की आता ती मान हलवील असं वाटे.

पुसण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. हात जिथे पडतो तिथे आधी, पाठ जिथे टेकते तिथे नंतर, आणि हँडलचं फडकं सीटला लागता कामा नये. एक ओलं, एक कोरडं. जंतुनाशकाची फवाऱ्याची बाटली संदीपनेच आणून ठेवली होती. आम्ही सगळे फुस्सकन मारायचो आणि त्याच क्षणी पुसून टाकायचो. आप्पांना ते बघवायचं नाही. एकदा त्यांनी माझं मनगटच धरलं. "थांबा हो मास्तर. फवारा बसू द्या. कपाशीवर औषिद मारलं आन लगीच पाऊस आला, तर अळी मरंल का?" मी म्हटलं, नाही मरणार. "मग? मनात वीस म्हना आन मंग पुसा." ते गेल्यावर मी त्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून पाहिली. मारल्यावर थोडा वेळ ओलं राहू द्यावं, असंच तिथे छापलेलं होतं. शिकलेल्या एकाही माणसाने तोवर ते वाचलेलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या सकाळच्या बॅचमध्ये धडधाकट माणसं बेंचपाशी उभी राहून ओठांतल्या ओठांत वीस मोजताना दिसायला लागली.

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येणार हे ठरवणारे वेगळे, आणि त्यासाठी रात्रंदिवस कान टवकारून बसणारे आपण वेगळे. तरी पाणी येण्याचा दिवस हा आप्पांचा चटया धुण्याचा दिवस, हे ठरलेलं. जमिनीवरच्या व्यायामाच्या पंधरा-वीस चटया ते गच्चीवर नेत, साबणाच्या पाण्याने घासत आणि कठड्यावर उन्हात टाकत. उरलेलं पाणी कुंड्यांना. गच्चीवर त्यांनी वांगी लावली होती. बायकांच्या बॅचच्या वेळी मात्र ते खाली फिरकत नसत. बादली आणि फडकी दाराशी ठेवून वर जात, आणि तास संपल्यावर फडकी किती ओली झाली आहेत हे बघून कुणी आळस केला ते ओळखत.

संदीपला हे सगळं जड जायचं. वाईट मुलगा नव्हता तो, पण कन्नड तालुक्यातले पाहुणे आले, की त्याचा चेहरा पडायचा. आप्पा फडकं खांद्यावर टाकूनच पाहुण्यांना चहा द्यायला येत. पाहुणे खाली उतरताना आपसात बोलत, की पोराने बापाला कामाला लावलंय. हे त्याच्या कानावर येई. "आप्पा, मी माणूस ठेवतो ना पुसायला," तो कितीदा तरी म्हणाला. आप्पांचं उत्तर एकच. "ठेव की. पन मानूस ठिवला, की हे समदे पुसायचे बंद व्हतील बग."

आता माझं. गेल्याच्या गेल्या वर्षी, उन्हाळ्यात, बारावीचे पेपर तपासून संपत आले होते तेव्हा माझ्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला एक लालसर कडं उठलं. मग कंबरेवर एक. खाज अशी, की पेपर तपासताना लाल पेनच्या मागच्या टोकाने खाजवायचो. नायटा आहे हे कळायला डॉक्टर लागत नाही. पण लाज वाटली. आमच्या घरात बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकत नाही. दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावायचं नाही, दुसऱ्याचा टॉवेल घ्यायचा नाही, पिढ्यानपिढ्या हेच. स्वच्छता म्हणजे आमच्या घराण्याची मक्तेदारी. तिथे नायटा, तोही माझ्या अंगावर! मी डॉक्टरांकडे गेलो नाही. मेडिकलवाल्याकडे जाऊन, मित्राला झालंय असं सांगून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली, पाच दिवसांत कडं दुप्पट झालं. मी पुन्हा ट्यूब आणली. बायकोला म्हणालो, घामोळं आहे. जिमला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जायला लागलो. मेच्या महिन्यात.

त्याच सुमाराला एका सकाळी आप्पांनी मला बाजूला घेतलं आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली एक निळी चटई हातात दिली. नवी कोरी.

"ही तुमची, मास्तर. रोज हीच घ्यायची. दुसरी घ्यायची नाय."

मला काय वाटावं? मला वाटलं, मास्तरकीचा मान. इतक्या लोकांत म्हाताऱ्याने आपल्याला ओळखलं. ती चटई आप्पा वेगळी ठेवत, गच्चीवर वेगळ्या कठड्यावर वाळत टाकत, मी ज्या बेंचवर बसून उठलो तिथे दोनदा फवारत. मी हे सगळं बघत होतो आणि मनातून फुलत होतो. इतका मोठा गणिती, पण एवढी साधी बेरीज काही मला जमली नाही.

मग लग्नसराई आली आणि आप्पा पुतण्याच्या लग्नासाठी आठ दिवस देवगावला गेले. आप्पा नाहीत म्हटल्यावर वीस मोजणारे पाचावर आले आणि दुसऱ्या दिवशी शून्यावर. फडकी एकाच बादलीत पडली. आणि मी काय केलं? साळुंके नावाचे प्लॉटिंगचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ आमच्या बॅचला होते, त्यांना एका सकाळी चटई मिळेना. मी मोठ्या दिलदारीने माझी निळी चटई त्यांना दिली. "घ्या, ही आप्पांनी खास माझ्यासाठी ठेवली आहे," असंही वर म्हणालो. मोठेपणा मिरवायचा तर पुरता मिरवावा. दुसऱ्या दिवशी आणखी एकाला दिली.

आप्पा परत आले त्यानंतर काही दिवसांनी साळुंके सकाळी जिममध्ये आले ते बाही वर करूनच. मनगटापासून कोपरापर्यंत तीन कडी. दुसऱ्या एकाच्या मानेवर होतं, आणखी दोघांच्या पाठीवर. साळुंके संदीपच्या गल्ल्यापुढे उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हे तुझ्या वडिलांच्या फडक्यांनी झालंय. तेच फडकं याच्या घामाला, तेच त्याच्या. म्हातारा स्वच्छता करत नाही, रोग वाटत फिरतो."

जिममधलं गाणं कुणीतरी बंद केलं. संदीप खाली मान घालून होता. मग तो उठला आणि चारचौघांत वडिलांना म्हणाला, "आप्पा, आजपासून एकाही मशीनला हात लावायचा नाही. मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं होतं."

आप्पा ट्रेडमिलपाशी उभे होते. त्यांनी हातातलं फडकं उलगडलं, पुन्हा नीट चौकोनी घडी केली आणि गल्ल्यावर ठेवलं. ते साळुंक्यांकडे पाहत होते, संदीपकडे पाहत होते, जमिनीकडे पाहत होते. माझ्याकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी त्यांच्यापासून चार हातांवर, पूर्ण बाह्यांच्या शर्टात उभा होतो. त्यांच्या त्या न पाहण्यातून मला कळलं, की यांना सगळं माहीत आहे, आणि निळ्या चटईचा अर्थही त्याच क्षणी कळला. तरी मी बोललो नाही. तोंड उघडलं होतं, पण मिटून घेतलं. बूट बदलून घरी आलो. आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, पण त्या जिन्यावरून उतरताना मला माझी जेवढी किळस आली तेवढी त्या कड्यांचीही आली नव्हती.

दुपारी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूबचं नाव ऐकून कपाळावर हात मारला. त्याने वरवर दबतं आणि आत पसरतं, म्हणाले. कपडे, टॉवेल, अंथरूण वेगळं, बरं होईपर्यंत जिम बंद, आणि दुसऱ्यांना झालं असेल तर त्यांनाही पाठवा. तिथून थेट आप्पांकडे गेलो. संध्याकाळ होत होती. ते गच्चीवर वांग्यांना पाणी घालत होते, आणि जिन्याच्या तोंडाशी त्यांची पिशवी भरून ठेवलेली होती.

"आप्पा, ते माझ्यापासून झालं," मी म्हणालो.

"ठावं हाय."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुमी बाही खाली वढायला लागला तवाच. वासरांना व्हतो नायटा, असाच गोल. आमची उभी हयात त्यात गेली."

"मग बोलला का नाहीत? आज तरी बोलायचं होतंत."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "काय बोलायचं? मास्तरला नायटा झालाय म्हनून? तुमच्या म्होरं पोरं बसत्यात शिकायला. मी काय, गावाकडं जाईन. तुमी कुटं जाल?" मग म्हणाले, "आन माजीबी चूक हायच. तुमाला उघड सांगाया पायजे व्हतं, दवाखान्यात जा म्हनून. मी तुमची लाज राखली आन चार मानसं खाजवाया लावली. संदीप बोलला ते फुकट नाय बोलला."

मी चटईचं सांगितलं, साळुंक्यांना मीच दिली म्हणून. आप्पा हे ऐकून पहिल्यांदा हसले, पण हसणं पुरं झालं नाही. "वासराचं लवकर बरं व्हतं, मास्तर," ते म्हणाले. "त्येला लाज नसती. झालेलं असतंय ते समद्यांना दिसतंय, मंग कुनीतरी औषिद लावतंय. मानूसच झाकून ठिवतो."

निघताना त्यांनी मला बजावलं, की खाली काही बोलू नका, झालं ते झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिममध्ये गेलो, व्यायामाला नाही. दारातच उभा राहिलो, कशाला हात न लावता, आणि डावी बाही खांद्यापर्यंत वर केली. म्हणालो, "हे माझ्यापासून सुरू झालं. मी दोन महिने लपवलं. आप्पा मला वेगळी चटई देऊन सगळ्यांना वाचवत होते, ती चटई मी वाटली. त्यांचा काही दोष नाही." साळुंके दोन पावलं मागे सरले. त्यांचा संताप मला दिसत होता आणि तो त्यांच्या हक्काचा होता. संदीप गल्ल्यामागून उठून धावतच जिना चढला, आणि दोन मिनिटांत एकटाच खाली आला. आप्पा कुणालाही न उठवता पहाटेच्या एसटीने देवगावला गेले होते.

औषध दीड महिना चाललं. घरात माझा कोपरा वेगळा, टॉवेल वेगळा, चादरी रोज गरम पाण्यात. बायको बिचारी सगळं करत होती, पण बोलताना हातभर अंतर राखून. तिचं चुकलं असं नाही, तिला मीच सांगितलं होतं. डॉक्टरांनी आता सगळं कोरडं आहे असं सांगितलं त्या रविवारी मी संदीपला फोन केला, आणि आम्ही दोघं त्याच्या गाडीतून खुलताबादचा घाट चढून देवगावला गेलो. वाटेत तो म्हणाला, "सर, मी फोनवर बोललो त्यांच्याशी. पण समोर गेलो नाही अजून."

आप्पा शेताच्या बांधावर बसले होते. कपाशी गुडघ्याला लागली होती. संदीपने जवळ जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "आप्पा, चुकलं माझं."

"उट. इच्यारायचं आदी, मंग बोलायचं. येवढंच," आप्पा म्हणाले आणि त्याच्या केसांत अडकलेली काडी काढून टाकली.

संदीपने त्यांना परत चला म्हणून फार गळ घातली. साळुंकेही आता बरे आहेत, त्यांनीच निरोप दिलाय, वगैरे. आप्पा येईनात. रागाने नाही. "मी आठ दिस नव्हतो तर समद्यांनी सोडून दिलं. म्हंजी मी हाय म्हनून ते पुसत व्हते. आता मी नसताना पुसूं द्या. तू फडकी ठिव दाराशी, आन पयलं तू पूस. मालकानं पुसलं, की बाकीचे लाजंनं तरी पुसतील." संदीप ते आजही करतो. रोज सकाळी शटर उघडल्यावर पहिलं फडकं त्याच्या हातात असतं, पाहुणे असोत नसोत. आप्पा पुन्हा शहरात आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात, शेतातच, बसल्या जागी ते गेले. मला ते भेटले ते त्या रविवारी, शेवटचे.

संदीप गाडीतून काही सामान आणायला गेला तेव्हा आम्ही दोघंच बांधावर राहिलो. आप्पा म्हणाले, "बगू हात."

मी डावी बाही वर केली. कड्यांच्या जागी आता फक्त फिकट तपकिरी डाग उरले होते. मी सवयीने म्हणालो, "नको आप्पा, हात लावू नका." त्यांनी ऐकलं नाही. आपला उघडा, घट्टे पडलेला तळवा त्यांनी माझ्या दंडावर ठेवला आणि खांद्यापासून कोपरापर्यंत सावकाश फिरवला. दोनदा. दीड महिन्यात त्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता.

"गेलं," ते म्हणाले. "घरी जावा आन बाईसाहेबांना दावा."

मला रडू आलं. बांधावरून माणसं जात-येत होती, संदीप परत येत होता. मी तोंड फिरवलं नाही.